एलएचबीमधला ‘एल’ कोण? घोडागाडीवाल्यांनी घडवलेल्या रेल्वेडब्याची गोष्ट

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर दर थोड्या दिवसांनी एक बातमी ठरलेली असते: अमुक एक्स्प्रेस आता एलएचबी डब्यांसह धावणार. बातमी घरच्या ग्रुपवर फिरते. काका विचारतात, ‘म्हणजे आपलं आरक्षण गेलं का?’ भाचा उत्तर देतो, ‘नाही हो, जर्मन टेक्नॉलॉजी आहे.’ आणि चर्चा तिथेच संपते.

एलएचबी म्हणजे लिंके-हॉफमन-बुश. कुठल्या यंत्रणेचं किंवा धातूचं हे नाव नाही, ही तीन आडनावं आहेत. त्यातला पहिला, गॉटफ्रीड लिंके, ब्रेस्लाऊ शहरात गाड्या बनवायचा. गाड्या म्हणजे घोड्यांच्या. हे शहर आज पोलंडमध्ये आहे आणि त्याचं नाव आता व्रोत्सवाफ आहे. १८३९ साली लिंके रेल्वेच्या वाघिणी बनवू लागला. (वाघीण म्हणजे मालडबा. रेल्वेखात्याच्या मराठीतला हा शब्द मला फार आवडतो.) कोकणातून येणाऱ्या ज्या लाल-करड्या डब्यात आपण वरचा बर्थ मिळाला म्हणून कुरकुरत झोपतो, त्याची वंशावळ अशी एका घोडागाडीच्या कारागिरापाशी जाऊन थांबते.

आणि लिंके एकटा नव्हता. रेल्वेचा इतिहास म्हटला की आपण इंजिनापासून सुरुवात करतो. पण इंजिन आणि डबा या दोन वेगळ्या घरांत जन्मलेल्या वस्तू आहेत. इंजिन लोहाराकडून आणि खाणीतल्या यंत्रवाल्याकडून आलं. डबा आला सुताराकडून, रंगाऱ्याकडून आणि गाद्या शिवणाऱ्याकडून. हे नीट समजून घ्यायला न्यू यॉर्कच्या एका गाडीवाल्याची गोष्ट फार कामाची आहे.

## आधी एक प्रश्न: इंजिनवाल्यांनीच डबे का नाही बनवले?

१८३० साली इंग्लंडमध्ये लिव्हरपूल ते मँचेस्टर रेल्वे सुरू झाली. इंजिनं होती जॉर्ज आणि रॉबर्ट स्टीफन्सन या बापलेकांची. पण त्यामागे माणसं कशात बसवायची? आधीच्या रेल्वेगाड्या मुख्यतः कोळसा वाहायच्या. कोळशाला गादी लागत नाही, खिडकी लागत नाही, आणि पाऊस आला तरी तो तक्रार करत नाही. माणसं आरामात कशी बसवायची हे त्या काळी एकाच धंद्याला माहीत होतं, तो म्हणजे टपाल आणि उतारू वाहणाऱ्या घोडागाड्या बनवणाऱ्यांचा. रेल्वेने काम दिलं टॉमस आणि नॅथनियल वर्सडेल या दुसऱ्या बापलेकांना. ते गाडीवाले होते.

त्यांनी जे केलं ते अगदी सरळ होतं. घोडागाडीची तीन धडं घेतली, एकाला एक चिकटवून लाकडी सांगाड्यावर बसवली आणि खाली रेल्वेची चाकं लावली. झाला पहिल्या वर्गाचा डबा. बाहेरून पाहिलं तर तीन बग्ग्या एकमेकींना खेटून उभ्या असाव्यात असा दिसायचा. प्रत्येक धडाला स्वतःचं दार आणि आत समोरासमोर दोन बाकं. सामान टपावर.

आपल्या गाड्यांत आज जी समोरासमोरची बाकं आहेत, फर्स्ट एसीत जे बंद ‘कंपार्टमेंट’ आहे, त्याचं मूळ या तीन धडांत आहे. इंग्रजीत डब्याला आजही कोच म्हणतात, म्हणजे घोडागाडीच. आपण मराठी माणसांनी मात्र पाहिलं आणि सरळ ‘डबा’ म्हणून टाकलं. या नावाकडे मी पुढे पुन्हा येणार आहे.

## छत्र्या पेटल्या तेव्हा

अमेरिकेतही हेच झालं. ऑगस्ट १८३१ मध्ये न्यू यॉर्क राज्यात आल्बनी ते स्केनेक्टडी अशी ‘डीविट क्लिंटन’ इंजिनाची गाडी धावली. तिचे डबे आल्बनीच्याच जेम्स गूल्ड या गाडीवाल्याने बनवले होते. घोडागाडीचीच धडं, काही लोक आत आणि काही टपावर.

घोडागाडीच्या टपावर बसायला हरकत नसते, कारण घोडा ठिणग्या उडवत नाही. इथे पुढे लाकूड जाळणारं इंजिन होतं. टपावरच्या मंडळींनी ठिणग्यांपासून बचावासाठी छत्र्या उघडल्या आणि त्या छत्र्याच पेटल्या. दुसरा त्रास धक्क्यांचा. डबे एकमेकांना साखळ्यांनी जोडलेले होते आणि साखळीत ढील होती. इंजिन निघालं की आधी पहिला डबा हिसका खाई, मग दुसरा, मग तिसरा. थांबताना हेच उलट, डबे एकमेकांवर आदळायचे. पाण्यासाठी गाडी थांबली तेव्हा लोकांनी शेजारच्या कुंपणाचे वासे काढून डब्यांच्या मध्ये ठोकले, म्हणजे साखळ्या ताणलेल्या राहतील.

हसू नका. एलएचबी डबे आल्यावर सुरुवातीला आपल्याकडच्या प्रवाशांची मोठी तक्रार काय होती, आठवतं का? ‘गाडी निघताना फार हिसके बसतात.’ दोन डबे जोडणाऱ्या भागात किती ढील ठेवायची आणि धक्का कशाने शोषायचा, हाच तो १८३१ चा प्रश्न. कुंपणाच्या वाशांच्या जागी आता तोलून बसवलेली धक्काशोषक यंत्रणा आली, एवढाच फरक.

## जॉन स्टीफन्सन: हा तो स्टीफन्सन नव्हे

आता आपला माणूस. जॉन स्टीफन्सन १८०९ साली आयर्लंडमधल्या आर्मा परगण्यात जन्मला आणि आईवडिलांबरोबर दोन वर्षांचा असताना न्यू यॉर्कला आला. इंजिनवाल्या इंग्लिश स्टीफन्सन घराण्याशी त्याचा काही संबंध नाही, फक्त नावाचा योगायोग. आपल्याकडे दोन जोशी रेल्वेत असले म्हणून ते भाऊ ठरत नाहीत, तसंच.

पोराला आधी दुकानात कारकुनीला लावलं होतं. पण ओढा हाताच्या कामाकडे, म्हणून एकोणिसाव्या वर्षी तो अँड्र्यू वेड नावाच्या गाडीवाल्याकडे उमेदवारीला लागला. तिथे अब्राम ब्राउअर याच्या गाड्या दुरुस्तीला यायच्या. ब्राउअर ब्रॉडवेवर भाड्याच्या घोडागाड्या चालवायचा, ठरलेल्या मार्गावर, ज्यात कुणीही पैसे देऊन चढावं. उमेदवारी संपताच, १८३१ मध्ये, ब्राउअरच्या कामाच्या जोरावर स्टीफन्सनने स्वतःचं दुकान टाकलं. पुढच्याच वर्षी ते जळालं. लाकूड, रंग, व्हार्निश आणि घोड्यांचा चारा एका छपराखाली ठेवणाऱ्या धंद्यात ही नवलाची गोष्ट नव्हती. त्याने दुसऱ्या रस्त्यावर पुन्हा दुकान उभं केलं.

त्याच सुमारास न्यू यॉर्क अँड हार्लेम या कंपनीला शहरातल्या रस्त्यावरून रूळ टाकायचा परवाना मिळाला होता. वस्तीत इंजिन नको म्हणून गाडी घोडे ओढणार होते. तिच्यासाठी स्टीफन्सनने जी गाडी बनवली तिचं नाव ‘जॉन मेसन’, कंपनीच्या अध्यक्षांच्या नावावरून. आत तीन खण, प्रत्येकात दहा माणसं, शिवाय टपावर बसायची सोय. नोव्हेंबर १८३२ मध्ये ही सेवा, म्हणजे शहराच्या रहदारीच्या रस्त्यावरची पहिली ट्राम, सुरू झाली आणि एप्रिल १८३३ मध्ये त्याला या रचनेचं पेटंट मिळालं. पेटंटच्या कागदावर अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांची सही होती. तेव्हा तो चोवीस वर्षांचाही नव्हता.

## पेटंट घेण्यासारखं त्यात होतं काय?

बैलगाडी डोळ्यांसमोर आणा. तिची दोन चाकं आसाभोवती मोकळी फिरतात. डावं चाक कमी फिरलं आणि उजवं जास्त, तरी काही बिघडत नाही, म्हणून तर गाडी वळते. आस आणि चाक एकमेकांवर घासतात म्हणून वंगण लागतं.

रेल्वेचं चाक असं नसतं. दोन्ही चाकं आसाला घट्ट बसवलेली असतात आणि तिघं मिळून एकत्र फिरतात. चाकाच्या आतल्या बाजूला एक उभी कड असते. तिला फ्लँज म्हणतात. ती चाकाला रुळावरून बाहेर घसरू देत नाही. पण रोजचं काम फ्लँज करत नाही. ते काम चाकाचा उतार करतो. चाक किंचित निमुळतं असतं, आतल्या बाजूला जाड आणि बाहेर बारीक. घरी करून बघा: दोन निमुळते कागदी पेले तोंडाला तोंड लावून चिकटवा आणि दोन समांतर पट्ट्यांवरून घरंगळू द्या. पेले एका बाजूला सरकले की त्या बाजूचा जाड भाग पट्टीवर येतो. जाड भाग एका फेरीत जास्त अंतर कापतो आणि पेले आपोआप मध्याकडे वळतात.

गाडीवाल्यांना ही विद्या नवीन होती आणि तिच्याबरोबर एक अडचण आली. घोडागाडीचं धड मोठ्या चाकांच्या वर उंच टांगलेलं असतं, आत शिरायला पायऱ्या लागतात. शहरात दर चौकाला चढ-उतार करणाऱ्या गाडीत, तेही लुगड्यासारखे घोळदार झगे घातलेल्या बायकांना, हे कसं जमायचं? स्टीफन्सनने गाडीची जमीन चाकांच्या मधोमध खाली उतरवली आणि चाकं बाकांच्या खाली लपवली. आत-बाहेर करणं सोपं झालं आणि वजन खाली गेल्याने गाडी डोलणंही कमी झालं. एसटीच्या एखाद्या गाडीत सीटखाली चाकाचा उंचवटा पायाला लागला असेल तर तो हाच हिशेब: चाक कुठेतरी जायला हवंच.

आणखी एक घोडागाडीची खूण. जुन्या ट्रामचे फोटो पाहिलेत तर तिच्या भिंती खालच्या बाजूला आत वळलेल्या दिसतील. ती नुसती शोभा नाही. अरुंद रस्त्यावर शेजारून जाणाऱ्या गाड्यांच्या चाकांचे बाहेर आलेले तुंबे घासू नयेत म्हणून गाडीवाले भिंत खाली आत घ्यायचे. ट्राम आली तरी हात तोच होता, म्हणून वळणही तेच राहिलं.

## लगाम ओढला, पण गाडी थांबेना

सेवेच्या उद्घाटनाचा एक किस्सा सांगतात. पाहुण्यांना दोन गाड्या दाखवायच्या होत्या, एकामागून एक. मधेच थांबायची खूण झाली. पहिल्या गाडीवानाने ब्रेक लावला आणि गाडी उभी केली. दुसरा होता भाड्याच्या टांग्यावरचा जुना माणूस. त्याने सवयीने लगाम ओढले. घोडे थांबले, पण गाडी कशी थांबेल? ती मागून येतच राहिली आणि दुसऱ्या गाडीचा दांडा पहिल्या गाडीत घुसला.

खडबडीत रस्त्यावर घोडा थांबला की गाडी जवळजवळ आपोआप थांबते, कारण रस्ताच तिला धरून ठेवतो. रुळावर तसं धरणारं काही नसतं. म्हणून ट्रामच्या गाडीवानासमोर लगामाबरोबर एक फिरवायची मूठ आली. ती फिरवली की साखळी गुंडाळली जाई आणि चाकांवर ठोकळे दाबले जात.

## पण रूळ टाकण्याचा खर्च कशाला? घोडागाड्या होत्याच की!

हा आक्षेप तेव्हाही घेतला गेला. उत्तर वजनात आहे. सपाट जागी, चांगल्या रुळावरून एक टन वजन चालतं ठेवायला दोन-तीन किलोची पिशवी उचलायला लागतो तेवढा जोर पुरतो. ट्रामच्या रुळात धूळ-चिखल अडकतो, तिथे जास्त लागतो. पण दगडी फरसबंदीवर किंवा मातीच्या रस्त्यावर त्याच्या कितीतरी पट. त्यामुळे रस्त्यावर जी घोड्यांची जोडी डझनभर माणसं ओढायची तीच रुळावर दुपटीहून जास्त ओढायची, आणि तिकीट स्वस्त करता यायचं.

तरीही १८३२ नंतर वीस वर्षं शहरातल्या ट्रामगाड्या फारशा पसरल्या नाहीत. कारण साधं आहे. रूळ रस्त्याच्या वर उचललेले असायचे आणि बाकीच्या गाड्यांची चाकं त्यात अडकून मोडायची. गावकऱ्यांचा विरोध समजण्यासारखा होता. १८५२ च्या सुमारास आल्फॉन्स लूबा या फ्रेंच माणसाने न्यू यॉर्कमध्ये खोबणीचा रूळ आणला. रूळ रस्त्याशी सपाट आणि फ्लँजसाठी मध्ये फक्त खाच. त्यानंतर ट्राम सुटली ती सुटलीच. १८६० मध्ये ती इंग्लंडमध्ये बर्कनहेडला पोचली. तिथे जॉर्ज स्टारबक नावाच्या माणसाने ट्राम बनवण्याचा कारखाना काढला. त्या आडनावाचा कॉफीशी काही संबंध नाही.

मधल्या वीस वर्षांत स्टीफन्सनचं काय झालं? त्याने हार्लेममध्ये मोठा कारखाना काढून रेल्वेचे डबे बनवायला घेतले होते. १८३७ मध्ये अमेरिकेत आर्थिक कोसळण झाली, रेल्वे कंपन्यांकडची येणी अडकली आणि काही वर्षांत त्याचं दिवाळं निघालं. १८४३ च्या सुमारास सत्ताविसाव्या रस्त्यावर त्याने तिसऱ्यांदा मांडामांड केली आणि पुन्हा घोडागाड्यांवर आला, कारण बाजारात तेव्हा त्याच चालत होत्या. दिवाळखोर ठरल्यावर कायद्याने जी देणी माफ झाली होती तीही त्याने नंतर फेडली. लोक त्याला ‘प्रामाणिक जॉन स्टीफन्सन’ म्हणू लागले. लूबाच्या खोबणीने ट्रामला दिवस आले तेव्हा तो तयार बसला होता.

## ‘पहिली ट्राम वेल्समध्ये धावली ना?’

हो. वेल्समध्ये स्वान्सीजवळ मम्बल्सच्या बाजूला १८०७ पासून घोड्याने ओढलेल्या गाडीतून रुळावर उतारू पैसे देऊन जात होते. पण ती समुद्रकाठची लाईन होती आणि मुळात माल वाहण्यासाठी टाकलेली. शहराच्या रहदारीच्या रस्त्यात, चौकाचौकाला थांबणारी सेवा न्यू यॉर्कची. ‘पहिलं’ या शब्दावर भांडायचं असेल तर आधी ‘कशातलं’ ते ठरवावं लागतं.

## घोड्याचं आयुष्य आणि ट्रामचं वजन

स्टीफन्सनच्या धंद्याचं खरं मर्म इथे आहे, म्हणून जरा थांबतो.

रुळामुळे घर्षण कमी होतं. जडत्व कमी होत नाही. म्हणजे चालती ट्राम चालत ठेवणं सोपं, पण उभी ट्राम हलवायला जोर तेवढाच लागतो. बंद पडलेली मोटार ढकलली असेल तर माहीत असेल: पहिल्या दोन पावलांत जीव जातो, मग ती चालू लागते. ट्रामच्या घोड्याला ही पहिली दोन पावलं दिवसातून शेकडो वेळा टाकावी लागायची, तीही गुळगुळीत दगडावर नाल घसरत असताना. एक घोडा दिवसात चार-पाच तासच काम करू शकायचा आणि अशी चार-पाच वर्षं काढली की तो या कामातून बाद व्हायचा. त्यामुळे एका ट्राममागे दिवसभराच्या पाळ्यांसाठी सात-आठ किंवा त्याहून जास्त घोडे पाळावे लागत. कंपनीची मोठी रक्कम गाड्यांत नाही, तबेल्यात अडकलेली असे. चारा, नालबंद, पशुवैद्य, शेण उचलणारे, सगळे पगारावर.

आता ट्राम विकत घेणाऱ्याच्या जागी उभे राहा. गाडी शंभर-दोनशे किलोने हलकी मिळाली तर घोडे जास्त टिकतील. म्हणून स्टीफन्सन जाहिरातीत हलकेपणा, देखणेपणा आणि टिकाऊपणा या तीनच गोष्टी सांगायचा. आणि हलकं पण मजबूत लाकूडकाम ही घोडागाडीवाल्यांची पिढीजात विद्या. ॲशच्या लाकडाचा बारीक सांगाडा, त्यावर वाफेने वाकवलेल्या पातळ फळ्या, आणि वर रंग-व्हार्निशचे हात. एक हात वाळवायचा, घासायचा, मग पुढचा. रंगकामाला सुतारकामापेक्षा जास्त दिवस लागत असतील तर मला नवल वाटणार नाही.

त्याच्या गाड्या दक्षिण अमेरिकेत गेल्या, ऑस्ट्रेलियात गेल्या. सिडनीत १८७९ मध्ये वाफेच्या इंजिनामागे जोडायला त्याच्याच दुमजली गाड्या मागवल्या होत्या. आणि पोर्तुगालमध्ये घोड्यांच्या ट्रामला लोक चक्क ‘अमेरिकानो’ म्हणायचे. (ही कॉफी दुसऱ्यांदा आली, मुद्दाम नाही.)

घोड्यावर उभ्या राहिलेल्या या डोलाऱ्याचा कच्चेपणा १८७२ च्या शरदात दिसला. कॅनडातून घोड्यांच्या साथीचा ताप अमेरिकेत पसरला. बहुतेक घोडे मेले नाहीत, पण खोकत तबेल्यात पडून राहिले आणि शहरंच्या शहरं ठप्प झाली. काही ठिकाणी माणसांनी स्वतः जुंपून घेऊन गाड्या ओढल्या. घोड्याला पर्याय हवा, ही गोष्ट त्या वर्षी सगळ्यांच्या डोक्यात पक्की बसली.

## कुलाब्याहून पायधुणीला, तीन आणे

या गोष्टीचा मुंबईशी धागा आहे. मुंबईत घोड्यांची ट्राम आणायचा पहिला प्रस्ताव १८६५ मध्ये एका अमेरिकन कंपनीने दिला होता. परवानाही मिळाला. पण अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं, कापसाचे भाव कोसळले आणि मुंबईच्या शेअरबाजारातल्या फुग्याबरोबर ट्रामही हवेत विरली. मग बॉम्बे ट्रामवे कंपनी, मुंबई नगरपालिका आणि स्टर्न्स अँड किट्रिज यांच्यात करार झाला आणि ९ मे १८७४ रोजी ट्राम धावली. एक मार्ग कुलाबा ते पायधुणी, क्रॉफर्ड मार्केटवरून. दुसरा बोरीबंदर ते पायधुणी, काळबादेवीवरून. भाडं तीन आणे, तिकीट नाही. पुढे भाडं दोन आणे झालं आणि फुकटे वाढले म्हणून तिकिटं आली. सुरुवातीलाच कंपनीच्या तबेल्यात ९०० घोडे होते असं सांगतात. वरचा हिशेब वाचला असेल तर हा आकडा आता मोठा वाटणार नाही.

## वीज आली आणि हलकेपणाच नडला

१८८८ मध्ये अमेरिकेतल्या रिचमंड शहरात फ्रँक स्प्रेग यांनी विजेच्या ट्रामचं पूर्ण जाळं चालवून दाखवलं. मग चित्र भराभर पालटलं. घोडे गेले आणि त्यांच्याबरोबर हलक्या गाडीची गरजही गेली. उलट आता गाडीखाली जड मोटर आली, वेग वाढला, धक्के वाढले. घोड्यांसाठी बनवलेली नाजूक धडं त्या धक्क्यांनी खिळखिळी होऊ लागली. चाकं, आस आणि मोटर यांचा वेगळा भक्कम सांगाडा खाली हवा होता, ज्यावर धड नुसतं बसेल. या सांगाड्यात फिलाडेल्फियाची ब्रिल कंपनी तरबेज झाली. ती १८६८ सालची, म्हणजे स्टीफन्सनच्या मानाने कालची पोर.

स्टीफन्सन १८९३ मध्ये वारला. कंपनीने न्यू जर्सीत एलिझाबेथ इथे नवा कारखाना काढला, विजेच्या गाड्या बनवल्या, पण पाय रोवता आले नाहीत. १९०४ मध्ये ब्रिलने ती विकत घेतली. मुंबईतले ट्रामचे घोडे त्यानंतर तीन वर्षांनी, १९०७ मध्ये विजेने हटवले. शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी बोरीबंदरहून दादरला गेली.

## मग डबा खराखुरा ‘डबा’ कधी झाला?

वर्सडेल असो की स्टीफन्सन, गाडीवाल्यांच्या सगळ्या कामात एक गोष्ट समान होती. खाली भार घेणारा सांगाडा आणि वर त्यावर ठेवलेलं घर. पाटावर खोका ठेवावा तसं. खोका सुंदर असेल, पण वजन पेलतो पाट. आपली डेक्कन क्वीन १९३० मध्ये आली तेव्हा खालचे सांगाडे इंग्लंडहून आले होते आणि वरची धडं माटुंग्याच्या कारखान्यात बनली, ती याच रीतीने. दोन भाग वेगळ्या खंडांत बनू शकत होते.

या रीतीचा धोका टकरीत दिसतो. जोराची धडक बसली की एका डब्याचा जड सांगाडा उसळून पुढच्या डब्याच्या पाटावर चढतो आणि वरच्या लाकडी घरात दुर्बिणीच्या नळीसारखा शिरतो.

१९५५ मध्ये चेन्नईजवळ पेरांबूरला इंटिग्रल कोच फॅक्टरी सुरू झाली, श्लीरेन या स्विस कंपनीच्या तंत्राने. निळ्या डब्यांवर आपण जे आयसीएफ वाचायचो ते हेच. त्यातल्या ‘इंटिग्रल’ शब्दाकडे कुणी लक्ष देत नाही, पण सगळी गंमत त्यातच आहे: एकसंध. पाट आणि खोका वेगळे नाहीत. जमीन, भिंती, छप्पर सगळं पोलादाचं आणि सगळं मिळून भार घेतं. स्टीलच्या डब्यासारखं. मराठीने शंभर वर्षं आधी जे नाव ठेवलं होतं, ते या दिवशी खरं झालं.

एलएचबी ही त्याच्या पुढची पायरी. नव्वदीच्या दशकात करार झाला, पहिले डबे जर्मनीहून आले आणि पुढे कपूरथळ्याच्या कारखान्यात बनू लागले. धड स्टेनलेस स्टीलचं, म्हणून पातळ पत्र्यातही मजबूत आणि वजनाला हलकं. स्टीफन्सनच्या जाहिरातीतला शब्द परत आला, फक्त आता घोड्याऐवजी विजेचं बिल वाचतं. दोन डबे जोडणारी पकड मधोमध आणि घट्ट, म्हणजे टकरीत एक डबा दुसऱ्यावर चढू नये. या पकडीतून सुरुवातीला हिसके आले, ते वर सांगितलंच.

## ‘तंत्रज्ञान जर्मन, मग आपल्याला काय?’

लिंकेचा कारखाना आडनावं जोडत जोडत लिंके-हॉफमन-बुश झाला आणि नव्वदीच्या दशकात अल्स्टॉम या फ्रेंच कंपनीच्या पोटात गेला. तीच अल्स्टॉम आंध्रातल्या श्री सिटीत मेट्रोचे डबे बनवते. मुंबईच्या मेट्रो तीनच्या आठ-आठ डब्यांच्या गाड्या तिथल्याच. ऑक्टोबर २०२५ पासून ती कफ परेडपर्यंत पूर्ण धावते आहे. कफ परेड, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, काळबादेवी ही तिची स्थानकं वाचली की १८७४ चे ते दोन मार्ग आठवतात.

काळबादेवीला उतरलात तर सरकता जिना घेण्याआधी एकदा उभ्या गाडीचं दार बघा. फलाट आणि डब्याची जमीन एका पातळीत आहे, पाय उचलावाही लागत नाही.